पेंढ्याची भिंत आणि माझ्या खुंट्या

माझ्या मेहुण्याला मी पहिल्या दिवसापासून प्रोफेसर म्हणतो. तोंडावर नाही, मनातल्या मनात. तसा तो एका गिरणीत कोठाराचा कारकून होता. गिरणी बंद पडली आणि हा घरी बसला. पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं जगातली सगळी पुस्तकं यानंच वाचून परत केलीत. पंप का तापतो, लाकडाला कीड का लागते, माणसाला घोरण्याचा त्रास का होतो, तुम्ही विचारा नाहीतर नका विचारू, तो सांगणार. माझी धाकटी बहीण अकरा वर्षं हे ऐकत आलीय. मी दर भेटीला तासभर ऐकतो आणि तेवढ्यानं माझं डोकं उठतं.

तर या माणसानं ठरवलं, घर बांधायचं. आणि बांधायचं कशाचं, तर पेंढ्याचं.

"दादा, मशीनमधून दाबून निघालेले गठ्ठे असतात ना, ते विटांसारखे रचायचे," तो मला म्हणाला. "आतून-बाहेरून मातीचा जाड गिलावा. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब."

"आणि गायीनं खाल्लं तर?"

"गिलावा झाल्यावर गाय कशी खाईल, दादा?"

या माणसाला टोमणासुद्धा कळत नाही. त्याचंही उत्तर देतो. मी धाकटीकडे बघितलं. ती खाली मान घालून ओट्याचा कोपरा फडक्यानं पुसत होती. तो ओटा तिचा नव्हता, जावेचा होता. नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या घरात मागची एक खोली यांना दिलेली. खोलीत चौघं, दोन पोरं आणि ही दोघं. स्वयंपाक जाऊबाईंचा उरकल्यावर करायचा, करण्याआधी ओटा धुवायचा, केल्यावर पुन्हा धुवायचा, आणि तरी संध्याकाळी "तेलाचे डाग कुणाचे?" हे ऐकायचं. आता थोरल्यानं सांगितलं होतं, पावसाळ्याआधी खोली मोकळी करा, मला बी-बियाणं ठेवायचंय. बियाण्याला खोली पाहिजे. सख्ख्या भावाच्या पोरांनी जायचं कुठं, ते बियाण्याला विचारा.

आमच्या वडिलांनी जाताना मला सुतारकामाचं दुकान दिलं आणि धाकटीला गावाबाहेरचा एक खडकाळ तुकडा. त्यावर गवतसुद्धा नीट उगवत नाही. विटा-सिमेंटचं घर परवडणारं नव्हतं. पेंढा फुकटात मिळत होता. लाकूड मी एका पाडलेल्या गोदामाचं आणलं, चांगलं मुरलेलं, जुनं, वजनदार. मी आलो तो बहिणीसाठी. प्रोफेसरसाठी मी खुर्चीचा पायसुद्धा ठोकून दिला नसता.

रोज सकाळी सायकलवर तासाभराचा रस्ता तुडवून मी तिथं पोचायचो. तोवर त्या दोघांनी ओढ्यातनं खडी आणून ठेवलेली असायची. दगडी जोतं आधीच झालं होतं. त्यावर मी लाकडाचे दोन समांतर पाट टाकले, मधल्या फटीत खडी भरली, म्हणजे जमिनीची ओल पेंढ्याला लागत नाही. हे प्रोफेसरचं डोकं. मग चार कोपऱ्यांना चार खांब, वर तुळया, वर वासे, वर पत्रे. भिंतीचा पत्ता नाही आणि छप्पर तयार. आधी कळस मग पाया म्हणतात ना, ते मी माझ्या हातानं केलं.

"पेंढा भिजता कामा नये, म्हणून छप्पर आधी," प्रोफेसर म्हणाला.

"बरं."

"छपराचं वजन खांबांवर. भिंतीवर काहीच नाही. भिंत नुसती मधे भरायची."

"कळलं."

"म्हणजे बघा दादा, आपण समजू की हा खांब म्हणजे..."

"अहो, कळलं म्हणतोय ना! पस्तीस वर्षं लाकूड कापतोय मी."

तो गप्प बसला, पण दहा मिनिटंच. कारण त्याला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली होती. प्रत्येक भिंतीच्या डोक्यावर एक आडवी लाकडी चौकट बसणार होती, दोन लांब पट्ट्या आणि मधे आडव्या काठ्या. दिसायला शिडी, म्हणून आम्ही सगळे तिला शिडीच म्हणायला लागलो. शिडीची दोन्ही टोकं दोन्हीकडच्या खांबांत खाच पाडून बसवायची. गठ्ठे रचून झाले की शिडीवरून ट्रकचा माल आवळायचे पट्टे टाकायचे, खालच्या पाटांखालून घ्यायचे आणि कटकट आवळत जायचं. शिडी खाली येते, पेंढा दाबला जातो, भिंत दगडासारखी होते. मग शिडी कायमची पक्की करायची.

"म्हणून खाच उभी लांब ठेवा, दादा. आणि शिडी तिच्यात ढिली पाहिजे. अगदी सरकती. चार बोटं तरी खाली यायला हवी."

ढिली! माझ्या हातचा सांधा ढिला! माझे वडील सांधा झाला की त्यात नख घालून बघायचे. नख शिरलं की माझ्या कानाखाली आवाज निघायचा. आणि हा कारकून मला सांगतोय, दादा, ढिलं ठेवा. पण धाकटी समोर उभी होती, पाटी डोक्यावर धरून. मी ढिलं केलं. चारी शिड्या खाचांत बसवल्या आणि खालून तात्पुरते टेकू दिले. हात लावला की डुगडुगायच्या. मला बघवत नव्हतं.

बघायला आला तो गवंडी. शेजारच्या रस्त्याला त्याचं सिमेंटचं काम चालू होतं. जेवायच्या सुट्टीत चार मजूर घेऊन तो तमाशाला यावं तसा आला. त्यानं पेंढ्याची थप्पी बघितली आणि दात काढले. पण पेंढ्याचं मला काही नव्हतं. हसा, पोट धरून हसा, तो मूर्खपणा माझा नाही. मग तो माझ्या कामापाशी आला. एक बोट वर केलं आणि शिडीला लावलं. शिडी खळखळली.

"सुतारमामा," तो म्हणाला, "हे घर आहे की पाळणा?"

मजूर हसले. त्यानं पुन्हा बोट लावलं. पुन्हा खळखळ.

"वय झालं तुमचं. नजर कमी झाली असेल तर सांगा, माझा पोऱ्या येऊन ठोकून देईल."

मी काय बोलणार? हे असंच असतं म्हणून सांगू? प्रोफेसरसारखं समजावून सांगत बसू? प्रोफेसर सांगायला पुढे झालाच होता, "त्याचं काय आहे, पेंढा दाबला जातो तेव्हा..." गवंड्यानं त्याचं ऐकूनही घेतलं नाही. जाता जाता तिसऱ्यांदा बोट लावून गेला.

दुसऱ्या दिवशी मी अंधार फिटायच्या आत निघालो आणि उजाडायला तिथं पोचलो. पिशवीत गिरमिट होतं, हातोडी होती आणि कडक लाकडाच्या आठ खुंट्या होत्या. त्या मी दुकानात बसून तासल्या होत्या. चार शिड्या, आठ टोकं. प्रत्येक टोकाला खांबाच्या आतल्या अंगानं गिरमिटानं भोक पाडलं, खुंटी मारली, डोकं कापून पृष्ठभागाशी सपाट केलं, रंधा फिरवला, भुसा आणि सरस भरला, वर माती चोळली. जुन्या लाकडात ते दिसतसुद्धा नव्हतं. मग बोट लावलं. शिडी हलली नाही. पूर्ण हातानं ढकललं. हलली नाही. मी खाली बसलो आणि कितीतरी दिवसांनी मला चहा गोड लागला.

मी प्रोफेसरला सांगितलं नाही. त्याला सांगणं म्हणजे व्याख्यान ऐकणं. आणि माझं मन म्हणत होतं, पेंढा काय दाबायचाय? पेंढा आहे तो. रचला की रचला.

पुढचे पाच दिवस गठ्ठे रचले. काम सोपं नव्हतं, हे मी मान्य करतो. एकेक गठ्ठा उचलायचा म्हणजे कंबर बोलायची. पेंढ्याची कुसळं मानेत, बगलेत, पापण्यांत. धाकटीचे हात कोपरापर्यंत लाल झाले. तरी ती हसत होती. एकदा अर्ध्या भिंतीच्या आड उभी राहून मला म्हणाली, "दादा, इथं माझा ओटा. धुवीन नाहीतर नाही धुणार, कुणाच्या बापाला विचारायचं नाही." ते ऐकून मीही दोन गठ्ठे जास्त उचलले. प्रोफेसर मात्र प्रत्येक गठ्ठा ठेवताना सांध्यावर सांधा येऊ देत नव्हता, हातभर काठी घेऊन ठोकत होता, वरचा थर शिडीखाली कोंबताना गुडघ्यानं रेटत होता. काम करताना तो बोलत नव्हता, एवढं त्याचं चांगलं.

पट्टे आवळायच्या दिवशी लोक आले. गावात दुसरा उद्योग कुणाला असतो? गवंडी आला, त्याचे मजूर आले, थोरला आला आणि एका दगडावर पायावर पाय टाकून बसला. प्रोफेसरनं शिडीखालचे टेकू काढले, पहिला पट्टा टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. कट, कट, कट. शिडी मधे थोडी वाकली. टोकं जागची हलली नाहीत. मधला पेंढा दाबला गेला, कडेचा फुगला, आणि दाबलेल्या पेंढ्याला कुठंतरी जायचंच होतं. भिंतीला बाहेरच्या बाजूनं पोट आलं.

"थांबा," मी म्हणालो. खरंच म्हणालो. पण हळू.

प्रोफेसरनं आणखी एक कट मारली. चौथ्या थरातला गठ्ठा सुटला आणि त्याच्या छातीवर आला. तो मागं पडला तो सरळ गिलाव्यासाठी भिजवलेल्या मातीच्या खड्ड्यात. वरून आणखी दोन गठ्ठे आले.

लोकांचं हसणं मी वर्णन करून सांगत नाही. थोरला तर दगडावरून उठला, डोळे पुसत. "अरे, तुला गिरणीत पोती मोजायला ठेवलं होतं, तेच बरोबर होतं," तो म्हणाला. प्रोफेसर चिखलातून उठला, त्यानं चष्मा शोधला, सदऱ्याला पुसला, तो आणखीच मळला. आणि तो म्हणाला काय? "गठ्ठे सैल आहेत. माझी चूक झाली. मशीनवाल्याच्या गाठीवर विसंबलो."

मला माहीत होतं, गाठी घट्ट होत्या. शिडीची टोकं हलली नव्हती, हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं, ते बघणं मी लहानपणापासून ओळखतो. पडलेल्या भांड्याकडे असं बघतात.

त्यानं त्या भिंतीचे सगळे गठ्ठे काढले. एकेक गठ्ठा सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा बांधला. एका सळईचं टोक ठोकून चपटं केलं, त्याला भोक पाडलं, तिची सुई केली. नायलॉनची दोरी सुईतून घ्यायची, गठ्ठ्याच्या आरपार काढायची, गुडघा रोवून बसायचं आणि ओढायचं. दोरीनं दुसऱ्याच दिवशी त्याची बोटं कापली. तिसऱ्या दिवशी त्यानं फडकी गुंडाळली. चौथ्या दिवशी फडकी लाल. आणि मी? मी सावलीत बसून खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होतो. इकडे पाऊस पंधरा दिवसांवर आलेला, वारा फिरलेला, दुपारी अंगाची नुसती चिकचिक. पेंढा एकदा भिजला की ते घर नाही, उकिरडा.

चोराच्या मनात चांदणं. चौथ्या दिवशी तो उठून माझ्याकडे आला तेव्हा माझा रंधा अडला.

"दादा," तो म्हणाला, "शिडी खाचेत कुठं अडकत तर नसेल ना?"

किती साधा प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण मी मान वर केली आणि म्हणालो, "माझं काम आहे ते."

"तसं नाही, दादा, मी आपलं..."

"माझ्या कामात खोट काढायची असेल तर दुसरा सुतार बघा."

"नाही नाही. गैरसमज नको." आणि तो परत जाऊन खाली बसला, गुडघा रोवला आणि दोरी ओढायला लागला. धाकटीनं ते ऐकलं. "यांना आपलं खापर फोडायला कुणीतरी लागतं," ती मोठ्यानं म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं." तिच्या नवऱ्यानं दोरीला आणखी एक हिसका दिला. मला आधी बरं वाटलं, मग नाही वाटलं, पण मी रंधा चालूच ठेवला.

सहाव्या दिवशी भिंत पुन्हा उभी राहिली. पुन्हा पट्टे. कट, कट, कट. मी खांबाकडे पाठ करून उभा होतो. पोट आलंच. या वेळी गठ्ठे इतके घट्ट होते, की सुटले नाहीत, अख्खी भिंतच मधून बाहेर ढळली आणि बाहेरून लावलेल्या काठ्यांच्या आधारावर तिरकी राहिली. या वेळी बघायला कुणी नव्हतं. हसायलासुद्धा कुणी नव्हतं.

प्रोफेसर जोत्यावर बसला. पट्ट्याची मूठ त्याच्या हातात तशीच होती.

"दादा, तुमचंच बरोबर होतं," तो म्हणाला. "पेंढ्याचं घर नसतं होत."

धाकटीनं पाटी आपटली. "हे अकरा वर्षांनी कळलं? माणूस आहात की बुजगावणं? पोरं कुठं ठेवू मी पावसात? तुमच्या व्याख्यानाखाली?" तिचा आवाज फाटला. "जा आता. जा भावाकडे. हात जोडा, पाय धरा, आणखी एक वर्ष खोली मागा. दादा, तूही जा यांच्याबरोबर. यांना धड मागताही येत नाही."

आम्ही दोघं निघालो. प्रोफेसर पुढे लंगडत होता, गुडघ्यावर बसून बसून. मी सायकल हातात धरून मागून चालत होतो आणि मनाला समजावत होतो, की चला, खोली मिळेल, वर्षभरात काहीतरी होईल, विटांचं बघू. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो, त्याला तोड नाही.

थोरला अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होता. आम्हाला बसा म्हणाला नाही. उन्हातच उभं ठेवलं, कप संपेपर्यंत. मग बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "बोल."

"खोली... आणखी एक वर्ष राहू दिली असती तर," प्रोफेसर म्हणाला.

"का बरं? घर झालं ना तुझं? गार आणि ऊबदार?"

"नाही झालं."

"का नाही झालं?"

"चुकलं माझं."

"मोठ्यानं बोल. आत तुझ्या वहिनीला ऐकू जाऊ दे. तिच्यापुढे फार शहाणपण शिकवायचास."

वहिनी दारात येऊन उभीच होती, ओले हात पदराला पुसत. प्रोफेसरनं हात जोडले. फडक्यांच्या गाठी सुटल्या होत्या, बोटांच्या पेरांवर दोरीचे काप उघडे पडले होते, त्यांत माती भरलेली. असे हात जोडून तो मोठ्यानं म्हणाला, "माझं चुकलं. मला काही कळत नाही."

"हं," थोरला म्हणाला. "रहा मग. पण एक कर. ती लाकडं माझ्या गोठ्याला आणून टाक. खांब बरे दिसले मला. नाहीतरी तिथं पावसात कुजणार."

खोटं कशाला बोलू? बहिणीच्या रडण्यानं माझं तोंड उघडलं नाही. त्या हातांनीही नाही. माझे खांब याच्या गोठ्यात जाणार, त्यांना याच्या म्हशी पाठ घासणार, हे ऐकलं आणि माझं टाळकं फिरलं. चांगुलपणा म्हणून नव्हे, लाकडासाठी बोललो मी. बोललो एवढं खरं.

"त्याचं नाही चुकलं," मी म्हणालो.

थोरल्यानं माझ्याकडे मान वळवली. "काय?"

"शिडी सरकती पाहिजे होती. मी तिला खुंट्या मारल्या. चोरून. त्या गवंड्यानं बोट लावून हसं केलं म्हणून. भिंत माझ्यामुळे पडली, दोन्ही वेळा. यानं विचारलं होतं मला. मी खोटं बोललो."

मग वहिनी फिस्सकन हसली. "अगं बाई! नावाजलेले सुतार ना हे?" थोरलाही हसायला लागला. हसू दे. ते हसणं सहा दिवस दुसऱ्याच्या तोंडावर पडत होतं, आता पत्त्यावर पोचलं.

प्रोफेसर मात्र हसला नाही. त्यानं जोडलेले हात सोडले आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिला.

"किती?" त्यानं विचारलं.

"आठ."

"चारी भिंतींना?"

"हो."

"मी गठ्ठे बांधत होतो तेव्हा तुम्ही तिथंच बसला होतात."

"हो."

तो वळला आणि चालायला लागला. खोलीबद्दल थोरल्याला काही म्हणाला नाही. थोरला मागून ओरडला, "मग लाकडाचं काय?" मी सायकल घेऊन मागे पळालो. वाटेत मी म्हणालो, "दिवस बुडायच्या आत काढतो मी त्या खुंट्या." तो म्हणाला, "तुम्ही नाही. मी काढीन. तुम्ही फक्त दाखवा."

धाकटी जोत्यावर बसून होती, पोरांचे कपडे गाठोड्यात बांधत. आम्हाला इतक्या लवकर आलेलं बघून उठली. "काय झालं? नाही म्हणाले?"

"दादांनी शिडीला खुंट्या मारल्यात," प्रोफेसर म्हणाला. "आठ. म्हणून शिडी खाली येत नव्हती. गठ्ठे बरोबर होते." त्यानं हे एवढंच सांगितलं, हवामान सांगावं तसं. मग माझ्या पिशवीतून न विचारता गिरमिट काढलं. माझ्या गिरमिटाला पस्तीस वर्षांत दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. धाकटीच्या हातात पोराची चड्डी तशीच राहिली.

मी पहिल्या खांबापाशी गेलो आणि बोट ठेवलं. त्यानं खडूनं तिथं फुली मारली. दुसऱ्या टोकाला बोट, फुली. असा मी स्वतःच्या कामाभोवती फिरत होतो, एकेक चोरी बोटानं दाखवत, आणि तो मागून खडू घेऊन. सरस वाळून लाकडाच्या रंगात रंग मिसळला होता, वर चिखलाचे शिंतोडे उडालेले. तिसरी शोधायला मला नख घासावं लागलं. पाचवीला डोळे चोळावे लागले. सहावी, सातवी. आठवी सापडेना.

मागच्या भिंतीचं उत्तरेचं टोक. मी खांब वरून खाली चाचपला, खालून वर चाचपला. थुंकी लावून पुसलं. तिथं काहीच नव्हतं, नुसतं जुनं लाकूड. खुंटी तिथं होती, मीच मारली होती, आणि मला माझ्याच हातचं काम सापडत नव्हतं.

"मारली होती ना नक्की?" प्रोफेसरनं विचारलं.

"मारली होती. आठ तासल्या होत्या."

"मग दाखवा."

"बघतोय ना!"

बराच वेळ गेला. ऊन खाली उतरलं, खांबाच्या आतल्या अंगाला अंधारून आलं. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता. मी दुसऱ्यांदा वरून सुरुवात केली.

तेवढ्यात धाकटी उठली. गाठोडं बाजूला सारलं आणि आमच्या मधून पुढे आली. तिनं खांब चाचपला नाही, वर-खाली बघितलं नाही. सरळ हात उचलला आणि खाचेच्या कडेला, मी शोधत होतो त्याच्या टीचभर खाली, गाठीच्या शेजारी बोट ठेवलं.

"ही," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"त्या दिवशी सकाळी मी खडी टाकायला लवकर आले होते," ती नवऱ्याला म्हणाली. "दादाला मारताना बघितलं मी. तुम्ही ढिली ठेवा म्हणाला होतात, ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, दादाला जास्त कळत असेल. म्हणून नाही बोलले."

"आणि नंतर? भिंत पडल्यावर?"

तिनं बोट खांबावरून काढलं नाही.

प्रोफेसरनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतकी वर्षं मी त्या माणसाकडे ज्या नजरेनं बघत आलो होतो, तीच नजर होती ती, फक्त या वेळी समोर आम्ही दोघं होतो.

"सख्खे बहीणभाऊ," तो म्हणाला. "हात काढ. गिरमिट लागेल."

तिनं हात काढला. त्यानं बोटाच्या जागी फुली मारली, गिरमिट टेकवलं आणि कापलेल्या हातांनी फिरवायला लागला.